मालिशच्या खुर्चीवर जळणारा बाक

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी जळकुकडा आहे. माझं वय झालं, दोन्ही टोकांना तडे गेले, एक पाय विटेवर टेकवावा लागला, तरी स्वभाव काही गेला नाही. मी एक जुना लाकडी बाक आहे. एका मोठ्या लाँड्रीच्या मागच्या दाराशी, भिंतीला पाठ लावून मी उभा असतो. तुम्ही म्हणाल, बाकाला कसला आलाय हेवा? लोक बसतात आणि उठून जातात. अहो, तेच तर! लोक माझ्यावर बसायचे. मग एक खुर्ची आली आणि ते तिच्यावर बसायला लागले. वर्गात तुमच्या शेजारी बसणारा जिवलग मित्र उद्या उठून दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसला तर तुम्हाला काय वाटेल, ते आठवा आणि मग मला नावं ठेवा.

माझा जन्म काही थाटामाटाचा नाही. लाँड्री नवीन होती तेव्हा चादरींना इस्त्री करणारं रोलरचं मशीन लांबून, भक्कम लाकडी खोक्यात बंद होऊन आलं. मशीन आत गेलं आणि खोकं बाहेर पडून राहिलं. थोरले मालक म्हणजे वाकडा खिळासुद्धा सरळ करून ठेवणारे. त्यांनी सुताराला बोलावलं आणि याचं काहीतरी कर म्हणाले. सुताराने खोक्याभोवती फेरी मारली. कपाट होणार नाही, टेबल डगमगेल, बाक तेवढा होईल, असं त्याचं मत पडलं. थोडक्यात, दुसरं काही होण्यासारखं नव्हतं म्हणून मी बाक झालो. पण सुतार मनाचा मोठा होता. फुकटच्या लाकडावरही त्याने असा रंधा मारला की आजवर माझं कुसळ कोणाला टोचलेलं नाही. फक्त फळीच्या खालच्या अंगाला खोक्यावरची काळी अक्षरं राहून गेली. 'ही बाजू वर' असं तिथे छापलेलं आहे, आणि ती बाजू जन्मभर जमिनीकडे तोंड करून आहे.

आता आमच्या लाँड्रीबद्दल सांगतो, म्हणजे तुम्हाला नीट कळेल. आमच्याकडे हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी येतात, टॉवेल येतात, उशांचे अभ्रे येतात. ढकलगाड्या भरभरून येतात. आत मोठाली पिंपं गरगर फिरतात, कपडे धुतात, पिळतात, आणि मग ओल्या चादरी रोलरच्या एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने कडक आणि गरम होऊन बाहेर पडतात. बाहेर पडलेली चादर झेलायला दोन माणसं लागतात. ती दोन माणसं म्हणजे दोघी बहिणी होत्या. लाँड्रीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. एक थोरली, एक धाकटी.

मागचं दार उघडं असलं की मला त्या दिसायच्या. दोघी चादरीची टोकं धरून लांब जात, चादर ताणत, मग एकमेकींकडे चालत येत आणि टोकाला टोक जुळवत. जवळ आल्या की एक वाक्य बोलायचं, लांब गेल्या की गप्प. पुन्हा जवळ आल्या की पुढचं वाक्य. एका चादरीत सासूची अर्धी तक्रार व्हायची, उरलेली पुढच्या चादरीत. ऐकणाऱ्याला काही पत्ता लागायचा नाही, पण त्यांना बरोबर लागायचा. हात पोळायचे, खांदे भरून यायचे, पाय सुजायचे. काम हलकं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही.

पण बॉयलर जुना होता, आणि तोच माझा खरा मित्र. सगळी वाफ त्याच्यातून यायची. त्याच्या तळाशी गाळ बसे, म्हणून सकाळी एकदा आणि दुपारी एकदा त्याला थांबवून तो गाळ काढावा लागे. हे काम बॉयलरवाल्या काकांचं. काका दारातून ओरडायचे, "वाफ उतरली!" आणि सगळं थांबायचं. रोलर थंड, पिंपं गप्प. परत वाफ चढेपर्यंत कोणालाच काही करता येत नसे. मग सगळे मागच्या दाराने बाहेर येत आणि जो तो माझ्यावर बसायला बघे.

काय ते दिवस होते! थोरली डाव्या टोकाला बसे. धाकटी चपला काढून पाय वर घेई आणि बहिणीला टेकून बसे. काका उरलेल्या जागेत घुसत आणि जरा सरका, मी काय हवेत बसू, म्हणून दोघींना ढोसत. बाकीचे समोर उकिडवे बसत. चहा असला तर चहा, नसला तर नुसतंच बसणं. समोरच्या भिंतीवर ओल येऊन एक डाग पडला होता, तो कोणाच्या तोंडासारखा दिसतो यावर वाद चालायचा. एकदा तो थोरल्या मालकांसारखा दिसतो असं धाकटी म्हणाली आणि काकांना चहाचा ठसका लागला. मी फळीखालून काकांचं हसणं ऐकायचो. आपल्या अंगावर कोणीतरी हसतंय, याच्याइतकं सुख बाकाला नाही.

थोरले मालक फार प्रेमळ होते म्हणून हे चालायचं, असं समजू नका हं. तसलं काही नाही. आम्ही बसलेलो पाहिलं की त्यांच्या पोटात दुखायचं. ते दारात येऊन किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभे राहायचे, बॉयलरला शिव्या द्यायचे, उशिरा येणाऱ्याचा पगार कापायचे. पण वाफच नाही तर करणार काय? मालकांनी कितीही डोळे वटारले तरी बॉयलर त्यांना भीक घालत नसे. म्हणून ते बसणं कोणी कोणाला दिलेलं नव्हतं. कोणाला ते मागावं लागलं नाही आणि कोणाला त्याबद्दल आभार मानावे लागले नाहीत.

पुढे थोरले मालक थकले आणि घरी बसले. कारभार त्यांच्या सुनेने हातात घेतला. सगळे तिला सूनबाई म्हणत, अजूनही म्हणतात. सूनबाई शिकलेली, चटपटीत, आणि मनाने चांगली. एरवी मी कोणाचं कौतुक करत नाही, पण खोटं कशाला बोलू? तिने पगार कापणं बंद केलं. पंखे बसवले. आणि नवीन बॉयलर आणला. तो आपला गाळ आपणच काढतो. त्याला थांबावंच लागत नाही.

झालं! काकांची हाक बंद पडली. ते आता एका चकचकीत डब्यावरचे दिवे बघत बसतात. वाफ दिवसभर, म्हणून चादरी दिवसभर, म्हणून सुट्टी आळीपाळीने. एकाने यायचं, तो आत गेला की दुसऱ्याने यायचं. माझ्यावर माणसं येत होती, पण एकेकटी. एकटं माणूस आलं की खिशातून फोन काढतं. थोरली यायची तेव्हा धाकटी आत, धाकटी यायची तेव्हा थोरली आत. दोघी मिळून येईनाशा झाल्या. मला वाईट वाटायचं, पण निदान येत तर होत्या.

मग धाकटीला बढती मिळाली. चादरींच्या घड्या करणाऱ्या सगळ्यांवर देखरेख करायचं काम तिच्याकडे आलं. सूनबाईने आधी थोरलीलाच विचारलं होतं. माणसांच्या मागे फिरायला मला नको, असं सांगून ती चादरींकडेच राहिली. पण धाकटी नवा फोन घेऊन रोलरपाशी आली तेव्हा थोरलीने चादर जरा जास्तच जोरात झटकली. तिलाही लागलं होतं. जळणाऱ्याला जळणारा लगेच ओळखू येतो. धाकटीच्या जागी दुसरी बाई चादरीचं टोक धरायला आली, आणि थोरली तिच्याशी अर्ध्या वाक्यातसुद्धा बोलत नसे.

धाकटी मात्र हरखली होती. ती पहिल्यापासून तशीच. कोणी शाबास म्हटलं की जीव ओवाळून टाकायची. लहानपणी शाळेत सगळ्यात स्वच्छ वहीचं बक्षीस मिळावं म्हणून ती वहीत लिहायचीच नाही, असं थोरली सांगायची आणि आम्ही सगळे हसायचो. आता मला ते आठवलं की हसू येत नाही.

आणि मग ती आली. ती गुबगुबीत.

सूनबाई कुठल्याशा प्रदर्शनाला गेली होती. माझी माणसं दमतात, त्यांच्यासाठी काहीतरी चांगलं करावं, अशी तिची खरोखरच तळमळ होती. तिथे तिला ही मालिशची खुर्ची दिसली. काळं चमकदार कातडं, लोडाएवढे हात, पोटात फिरणारे गोळे. माझ्यासमोरच्या जुन्या कोठारात नवा रंग देऊन तिला बसवलं आणि दारावर 'विश्रांती कक्ष' अशी पाटी लावली. त्या खोलीची खिडकी नेमकी माझ्यासमोर उघडते. म्हणजे रोज बघ आणि रोज जळ, अशी माझी सोय झाली.

ती बोलतेसुद्धा, मित्रांनो! तुम्ही अंगठा लावून बसलात की ती साखरेच्या आवाजात स्वागत करते. मग पाठ चोळते, पोटऱ्या दाबते. आणि शेवटी म्हणते, "अभिनंदन. तुमची विश्रांती पूर्ण झाली." अहो, विश्रांती काय पूर्ण होते? मी इतकी वर्षं लोकांना बसवलं, एकदाही कोणाचं अभिनंदन केलं नाही. पण लोक वेडे झाले. पहिल्या दिवशी तिच्या दाराशी रांग लागली. माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. दोनचार दिवसांत माझ्यावर ब्लीचचे रिकामे कॅन आणून ठेवले. ज्या जागेवर धाकटी बहिणीला टेकून बसायची, त्या जागेवर कॅन! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण खुर्चीबरोबर एक फळाही आला होता. कोण किती बसलं, किती शांत बसलं, हे खुर्ची मोजायची आणि त्याचे गुण फळ्यावर उमटायचे. जो जास्त निवांत त्याला जास्त गुण. महिनाअखेरीला पहिल्या आलेल्याला बक्षीस आणि फोटो. विकणाऱ्या कंपनीने सूनबाईला सांगितलं होतं की यामुळे लोक उत्साहाने विश्रांती घेतात. उत्साहाने! आणि घडी करणाऱ्यांचे गुण कमी पडले तर त्याची जबाबदारी धाकटीची, असंही ठरलं.

मग मी खिडकीतून जे काही पाहिलं ते सांगायला लाज वाटते. लोक विश्रांती उरकायला कामाच्या आधी धापा टाकत येऊ लागले. खुर्चीवर बसण्यावरून दोघेजण भांडले, कारण एकाचं बसणं लांबलं आणि दुसऱ्याचे गुण बुडत होते. एक बाई तिथे डोळे घट्ट मिटून, दात आवळून बसायची, आणि खुर्ची तिला 'अजून शांत व्हा' म्हणून दटावायची. धाकटी हातात फोन घेऊन सगळ्यांच्या मागे. तू बसलीस का? तू कधी बसणार? आपला गट मागे पडतोय. चादरी वेळेवर जायलाच हव्या होत्या, इस्पितळं थांबत नाहीत, आणि आता वर विश्रांतीही वेळेवर व्हायला हवी होती.

काका तेवढे तिच्या हाती लागले नाहीत. ते एकदाच खुर्चीवर बसले आणि तडक उठून बाहेर आले. मला मळतेय काय, मी काय पिठाचा गोळा आहे, म्हणाले. पण गुण तर लागणार. मग त्यांनी काय करावं? अंगठा लावायचा, खुर्चीत ओल्या टॉवेलांचं एक पोतं बसवायचं आणि आपण दिव्यांपाशी जायचं. खुर्ची पोत्याची पाठ चोळायची, पोटऱ्या शोधायची आणि पोत्याचं अभिनंदन करायची. टॉवेलांचं पोतं काकांच्या नावावर फळ्यावर तिसरं आलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हा असला खुर्चीचा शहाणपणा, आणि म्हणे माझ्यापेक्षा भारी.

पण पोत्याच्याही पुढे दोन माणसं होती, आणि त्यात पहिली होती धाकटी. आपणच मागे पडलो तर इतरांना कोणत्या तोंडाने सांगणार, म्हणून सगळे गेले की ती खुर्चीत बसायची. खुर्ची पाठ चोळत असायची आणि धाकटी फोनवर उद्याच्या पाळ्या लावत असायची. तिचे गाल आत गेले. तिचा आवाज पातळ झाला. थोरलीशी बोलायला तिला वेळ नसायचा, आणि बोललीच तर गुणांबद्दल. थोरली एकदा रोलरपाशी तिला म्हणाली की तुझा चेहरा बघ जरा आरशात. धाकटी म्हणाली, अगं, लाँड्रीत सगळ्यात जास्त आराम मीच करते, फळा बघ. आणि ते खरं होतं.

महिना संपला आणि धाकटीला बक्षीस मिळालं. फळ्यावर तिचा फोटो लागणार होता, खाली लिहायचं होतं, 'सर्वात निवांत कर्मचारी'. तिला खुर्चीत बसवलं, हातात फुलं दिली. सूनबाईने स्वतः फोटो काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. मी खिडकीतून पाहत होतो आणि माझं काय झालं असेल ते तुम्ही ओळखा. माझी धाकटी, आणि तिच्या कुशीत!

खुर्चीचं चोळणं संपलं. अभिनंदन झालं. बाकीचे कामाला गेले. धाकटी तशीच बसलेली.

सूनबाई हसून म्हणाली की चला, पुढची गाडी भरायची आहे. धाकटी म्हणाली, "उठते." आणि उठली नाही. सूनबाईला वाटलं, गंमत करतेय. थोड्या वेळाने तिने परत विचारलं. धाकटी परत म्हणाली, "उठते." फुलं तिच्या मांडीवरून खाली पडली आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली. पाय धड होते, हात धड होते. फक्त उठणं तिच्या अंगातून गेलं होतं. सूनबाई घाबरली आणि तिने थोरलीला हाक मारली.

थोरलीने हातातली चादर तशीच सोडली आणि ती धावत आली. तिच्यामागे रोलरमधून एकामागून एक चादरी जमिनीवर पडत राहिल्या. तिने बहिणीला काखेत धरून उभं केलं आणि वारा लागावा म्हणून बाहेर आणलं. कुठे बसवणार? तिने लाथेने माझ्यावरचे कॅन उडवले. धडाधड पडले सगळे. आणि तिने धाकटीला माझ्यावर बसवलं आणि स्वतः डाव्या टोकाला बसली.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. इतकी वाईट वेळ, आणि मला आनंद! ती गुबगुबीत खिडकीतून बघत होती आणि मी मनात म्हणत होतो, बघ, बघ, शेवटी कोणाकडे आली. आता ती चपला काढेल, पाय वर घेईल, बहिणीला टेकेल.

पण ती अगदी कडेवर बसली. पाठ ताठ. हात गुडघ्यांवर. परीक्षेला बसतात ना, तशी. बऱ्याच वेळाने तिने मान वळवली आणि विचारलं, "ताई, किती वेळ बसायचं?"

थोरलीला कळलं नाही. "बस गं," ती म्हणाली.

"नाही, सांग ना. म्हणजे मला तसं बसता येईल."

 थोरलीने तोंडात पदर कोंबावा तसा खांद्यावरचा टॉवेल तोंडाशी धरला. माझा आनंद कुठल्या कुठे गेला. ती माझ्यावर बसली होती आणि बसलेलीच नव्हती. मी तिला परत मिळवलं नव्हतं. खुर्चीनेही मिळवलं नव्हतं. बसणं जे काय असतं, तेच तिच्याकडून कोणीतरी काढून घेतलं होतं.

धाकटी घरी गेली ती गेलीच. डॉक्टरांनी औषध कमी आणि विश्रांती जास्त सांगितली. ते ऐकून काका म्हणाले की हे म्हणजे बुडालेल्याला पाणी पाजण्यासारखं झालं. कॅन परत कोणी माझ्यावर ठेवले नाहीत. थोरली तिच्या पाळीला येऊन बसायची. काकाही दिवे सोडून यायचे. आणि एके दुपारी सूनबाई बाहेर आली, इकडेतिकडे पाहिलं आणि मधल्या जागेत बसली. मालकाच्या घरचं माणूस माझ्यावर पहिल्यांदाच बसलं.

तिने रडवेल्या आवाजात विचारलं की माझं काय चुकलं? मामंजींच्या वेळी काम जास्त होतं, हाल जास्त होते, पगार कापला जायचा. तेव्हा कोणी असं मोडून पडलं नाही. मी पंखे लावले, खुर्ची आणली. लोकांच्या मनातच आता दम राहिला नाही, असं तर नाही?

काका तडकले. पैशाची हाव, दुसरं काय! बॉयलर थांबत नाही म्हणून माणूसही थांबायचं नाही, हा कुठला न्याय?

सूनबाई म्हणाली, हाव कोणाची, काका? हॉटेलवाले दरवर्षी दर पाडतात. मी एक तास थांबवलं तर चादरी पलीकडच्या लाँड्रीत जातील आणि मग तुम्ही, मी, सगळेच घरी बसू. मी शेवटची निवांत कधी बसले होते, मलाच आठवत नाही. मी त्या खुर्चीत एकदासुद्धा बसलेली नाही.

खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटलं, आणि दोघांचाही राग आला. दोघं माझ्यावर बसून एकमेकांशी भांडत होते आणि खरी अपराधी समोर खिडकीत कातडं चमकवत बसली होती. मला विचाराल तर मी एकच नाव घेतलं असतं. पण मी जळका, माझं कोण ऐकणार?

तेव्हा थोरली बोलली. ती इतका वेळ टॉवेलची घडी घालत आणि मोडत होती.

"सूनबाई, काम काय, होतं नाही तर उरतं. उरलं तरी दमलेला माणूस दाराबाहेर येऊन बसतो. तुम्ही बसण्याचंच काम केलंत. मग तिने दमल्यावर जायचं कुठे?"

 सूनबाई माझी कड नखाने खरवडत राहिली. दुसऱ्या दिवशी फळा उतरला. खुर्ची राहिली, कारण तिचे हप्ते चालू आहेत. तिला अजून अंगठा लागतो आणि ती अजून अभिनंदन करते. चादरी दिवसभर येतात आणि पाळ्या एकेकट्याच्याच आहेत. सगळं चांगलं झालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. मी फक्त धाकटीची वाट बघत होतो. ती येईल आणि माझ्यावर पाय वर घेऊन बसेल, एवढ्यावर मी तग धरून होतो.

तिची खबर थोरलीकडून कळायची. सुरुवातीला खबर वाईटच असायची. धाकटीने घरीसुद्धा विश्रांती कामासारखी सुरू केली होती. एवढा वेळ डोळे मिटायचे, एवढं चालायचं, एवढा श्वास आत, एवढा बाहेर. झोप नाही आली तर स्वतःवर चिडायची. आज नीट आराम झाला नाही म्हणून रडायची. तिचा नवरा बिचारा पायांच्या बोटांवर चालायचा. ती लवकर बरी व्हायला बघत होती, पहिली यायला बघत होती.

आणि मग काल थोरली आली. येऊन बसली आणि आधी हसलीच. मग डोळे पुसले आणि काकांना सांगायला लागली. धाकटीने परवा मागची गॅलरी धुतली. बादली निथळावी म्हणून पालथी घातली. आणि सहज तिच्यावर टेकली. टेकली ती टेकलीच. समोर काही बघण्यासारखं नाही, पलीकडच्या घराची नुसती मागची बाजू. दूध उतू गेलं, नवऱ्याने धावत जाऊन गॅस बंद केला. शेजारीण हाका मारून दमली. नवऱ्याने येऊन विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, "काही नाही." आणि पाय वर घेतले. थोरली संध्याकाळी तिला भेटायला गेली आणि किती वेळ बसली होतीस, असं तिच्या तोंडून निघून गेलं. धाकटीने खूप विचार केला. तिला सांगता आलं नाही. ते कळल्यावर दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या.

ती परत कामावर येईल की नाही, थोरलीला माहीत नाही. कदाचित येणारच नाही.

एका बादलीवर, मित्रांनो! प्लॅस्टिकच्या पालथ्या बादलीवर! जिच्या बुडाला ना रंधा, ना पाय, ना पाठ. इतकी वर्षं मी तिची वाट पाहिली आणि ती बसली कुठे? खुर्चीचा मला राग होता, पण त्या बादलीचा मला जो हेवा वाटतो तो आजवर कोणाचा वाटला नाही. कालपासून मला दुसरं काही सुचत नाही. आणि तरीही, ती बादली तिथून कोणी उचलू नये असं मला वाटतं.

म्हणून तुम्हाला एक विनंती करतो. तुमच्या घरात कोणी असं उगीच बसलेलं दिसलं, बहुतेक आईच असेल, तर काय करतेस असं विचारू नका. घड्याळाकडे बघू नका. आवाज न करता बाजूने निघून जा. आणि ती जिच्यावर बसली असेल, पायरी असो, सोफ्याचा हात असो, नाही तर बादली असो, तिला माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, लाँड्रीच्या मागच्या दारातला बाक तुझ्या नावाने रोज बोटं मोडतो. पण तू तिला नीट धर.